डावीकडची सीट

बुलढाण्याला चिखली रोडवर माझं गॅरेज आहे. पेट्रोल गाड्यांचं काम करतो, त्यातही जास्त करून वायरिंग आणि सेन्सरचं. दुसऱ्यांनी हात टेकलेल्या गाड्या माझ्याकडं येतात. कधी कधी गिऱ्हाईक म्हणतं, "अविनाशभाऊ, गाडीच्या मनात काईतरी हाये." मी हसतो आणि बॉनट उघडतो. गाडीला मन नसतं. कुठंतरी एक वायर सोललेली असते, वायरी जोडणाऱ्या एखाद्या कपलरमध्ये पाणी गेलेलं असतं. शोधलं की सापडतं.

माझं लग्न उशिरा झालं. चाळिशी उलटल्यावर. अनुपमा गावातल्याच एका शाळेत गणित शिकवते. तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा, हरिओम, अचानक गेला एवढंच मला सांगण्यात आलं होतं, आणि बघायला गेलो तेव्हा जास्त विचारणं बरं दिसलं नसतं. ती घरी आली तेव्हा तिच्यासोबत पुस्तकांची खोकी आली, शिलाई मशीन आलं आणि एक पांढरी लहान गाडी आली. गाडी हरिओमनं घेतलेली.

मला गाडीचं काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

दर रविवारी सकाळी अनुपमा त्या गाडीनं एकटी खामगावला जायची. तिथं कापसाच्या एका जुन्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत हरिओमची आई राहते, अन्नपूर्णाबाई. म्हातारीला दुसरं कोणी नाही. सुनेनं दुसरं लग्न केलं तरी ती तिला पोरीसारखं वागवते, अनुपमाही तिला आईच म्हणते. यात मला खटकण्यासारखं काही नव्हतं. खटकायचं ते निराळंच. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असायचा. गाडी अंगणात लावून इंजिन बंद केल्यावरही ती काही वेळ आत बसून राहायची. मी खिडकीतून बघायचो. ओठ हलताना दिसायचे. मग ती उतरायची, घरात यायची, आणि पायरी चढेपर्यंत तो उजेड कुठं जायचा कोण जाणे.

"किती वेळ बसली होतीस गाडीत?" मी एकदा विचारलं.

"उगीच," ती म्हणाली. "च्या ठेवू का?"

हिवाळा लागला तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. तोवर त्या गाडीत आम्ही दोघं मिळून कधी बसलोच नव्हतो. मी सहज डावीकडचं दार उघडून पुढं बसलो. अनुपमा किल्ली हातात घेऊन बाहेरच उभी राहिली.

"तुमी मागं बसता का? पाय मोकळे राह्यतीन."

"बायको गाडी चालवून राह्यली अन् मी मागं? लोक हसतीन."

आत बसून तिनं सेल्फ मारला.

गाडी ती सुरेख चालवते. माझ्या धंद्यात मी शेकडो लोकांच्या शेजारी बसलो असेन. कोणी क्लच जाळतं, कोणी इंजिन कोंडतं. अनुपमाचा गिअर मात्र बरोबर त्या क्षणी पडायचा, मी मनात म्हणायच्या किंचित आधी. वाटेत बोथ्याच्या जंगलात सागाची पानं रस्त्यावर वाळून पडली होती, त्यावरून चाकं कुरकुरत जात होती. घाटाचं पहिलं वळण तिनं असं काढलं की मला राहवलं नाही.

"कोणी शिकवलं इतकं चांगलं?"

"हरिओमनं."

तिनं त्याचं नाव असं घेतलं, जसं शेजारच्या खोलीतल्या माणसाचं घ्यावं. मला ती अजून नावानं हाक मारत नव्हती. 'अहो' म्हणायची. मी बाहेर बघू लागलो, आणि थोड्या वेळानं, का कोण जाणे, माझा हात मी तिच्या सीटच्या पाठीवर टाकला.

इंजिन बंद पडलं.

धक्का नाही, अडखळणं नाही. दिवा विझावा तसं. तिनं गाडी कडेला घेतली. सेल्फ फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हतं. मी उतरून बॉनट उघडलं, कपलर दाबून बघितले आणि म्हणालो, "मार." गाडी लगेच सुरू झाली. मी आत येऊन बसलो. दोन वळणं गेली आणि पुन्हा तेच. खामगाव येईपर्यंत मी किती वेळा उतरलो ते आठवत नाही. जेवताना अन्नपूर्णाबाई भाकरी वाढत होत्या, पण माझ्या डोक्यात इंजिनच होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजवर घेतली. स्कॅनर लावला. त्यानं स्वच्छ सांगितलं: कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर, सिग्नल तुटतो आहे. मला बरं वाटलं. ओळखीचा रोग होता.

इंजिनाच्या डोक्यावर कॅमशाफ्ट फिरतो. कोणत्या सिलिंडरची झडप कधी उघडायची ते त्याच्या फिरण्यावर ठरतं. त्याच्या टोकाशी दाते असलेली चकती असते आणि चकतीसमोर अंगठ्याएवढा सेन्सर. दाता समोरून गेला की सेन्सर एक ठोका पाठवतो. त्या ठोक्यांवरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं की आता पाळी कोणाची. ठोके थांबले की त्याला पाळी कळेनाशी होते, आणि अशा काही गाड्यांत तो पेट्रोलही तोडतो, ठिणगीही तोडतो.

मी नवा सेन्सर बसवला. कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला. एकटाच चिखलीपर्यंत जाऊन आलो, गाडी लोण्यासारखी चालली. आठवडाभर अनुपमा शाळेत घेऊन गेली, काही तक्रार नाही. मग एका संध्याकाळी मी म्हणालो, "चल, चक्कर मारून येऊ." ती चालवायला बसली, मी शेजारी. गावाच्या दुसऱ्या बाजूला, राजूर घाटाच्या तोंडाशी, गाडी बंद पडली.

यानंतर मी जे केलं ते कोणत्याही चांगल्या मेकॅनिकनं केलं असतं. सेन्सरला पाच व्होल्ट येतात का बघितलं, येत होते. अर्थिंग बघितलं, पक्कं. वायरचा एकेक तुकडा हातानं हलवून बघितला. वरचं कव्हर काढून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनच्या खुणा जुळवल्या. केसाइतकाही फरक नव्हता. चकतीचे दाते बोटानं चाचपले. सगळं जागच्या जागी होतं. मग मी म्हणालो, डाव्या सीटवर वजन पडलं की खालची एखादी वायर दबत असेल. ज्वारीचं पोतं आणून सीटवर ठेवलं आणि अनुपमाला चालवायला लावलं. गाडी चालली. शेजारचे शंकरराव माझ्याहून जाडे आहेत, त्यांना बसवलं. गावाला फेरी मारून आले, वर म्हणाले, "मस्त हाये की गाडी. तुले काय दिसून राह्यलं तिच्यात?"

मी बसलो, आणि फाटकाबाहेर पडायच्या आत गाडी बंद.

मी चालवायला बसलो तर? तेही करून बघायचं होतं. पण अनुपमा डाव्या सीटवर बसायला तयार नव्हती.

"मी तिथं बसत नाई."

"काऊन?"

"नाई बसत. मागं बसते मी."

ती मागं बसली. गाडी उत्तम चालली. बाजारातून जाताना दोघंतिघं ओळखीचे माझ्याकडं बघून हसले, ड्रायव्हर झाला म्हणून. आरशात मला ती दिसत होती. ती रिकाम्या सीटच्या पाठीकडं बघत होती.

त्या दिवशी मी सीटचे बोल्ट सोडून सीट बाहेर काढली. खालच्या गालिच्यात गोळ्यांची एक जुनी पट्टी सापडली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. एकच गोळी बाहेर काढलेली होती, आणि ती गोळीही तिथंच पडली होती, सीटच्या रुळात, धुळीनं माखलेली.

खामगावला एका दुकानातून सामान आणायचंय असं सांगून मी मोटरसायकलनं निघालो. अन्नपूर्णाबाई अंगणात सरकीच्या पोत्यावर बसून मटार सोलत होत्या. मी पट्टी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या.

मी बसलो.

"ते दोघं बुलढाण्याहून येऊन राह्यले होते. त्यानं तिले नवीनच गाडी शिकवली व्हती. त्या दिशी पह्यल्यांदा म्हणला, घाट तू उतरव, मी बाजूले बसतो. घाटात त्याच्या छातीत दुखाले लागलं. गोळी काढली, ते बी हातातून पडली. मांगं फिरावं तं रस्ता लहान. तिनं तशीच गाडी खाली आणली."

"एकटीनं?"

"तो सांगत व्हता न. आता दुसरा टाक. आता ब्रेक सोड. आता तिसरा. थेट नाक्यापर्यंत सांगत व्हता म्हणते." त्यांनी मटाराची शेंग मोडली, पण दाणे काढले नाहीत. "डॉक्टर वेगळंच म्हणले. म्हणले, बाई, ह्याले जाऊन लय वेळ झाला. घाटातच गेला असंन."

मी पट्टी खिशात घातली.

"मी तिले कधी इचारलं नाई," म्हातारी म्हणाली. "तुमी बी नका इचारू."

परत येताना मला कीव यायला हवी होती. आली नाही असं नाही. पण घाट चढताना प्रत्येक वळणावर माझ्या मनात एकच येत होतं: तिचा गिअर बरोबर पडतो तो का. माझ्या घरात, माझ्यासमोर जेवतानाही ती माझं जसं कधी लक्ष देऊन ऐकत नाही, तसं ती त्या गाडीत ऐकते. हरिओमचा एक फोटो मी बघितला होता. किरकोळ माणूस, कपाळ मोठं, कान बाहेर आलेले. त्याच्यात असं काय होतं ते मला फोटोत सापडलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी मी गाडी गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत लावली. कॅम आणि क्रँक, दोन्ही सेन्सरच्या वायरींना स्कोप जोडला. हातात धरायचं यंत्र असतं ते. सेन्सरचे ठोके पडद्यावर रेघेनं दाखवतं. खालची रेघ क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, आणि वरची कॅमची. वायर खिडकीतून आत घेतली आणि मी डाव्या सीटवर बसलो. अनुपमाला म्हणालो, सुरू कर.

ऊन होतं. पलीकडं कोणीतरी पत्रा ठोकत होतं. दोन्ही रेघा सरळ चालल्या होत्या, दात्यांसारख्या चौकोनी, एकसारख्या.

"काय दिसून राह्यलं?" तिनं विचारलं.

"अजून काई नाई."

मी मुद्दाम हात तिच्या खांद्यावर ठेवला. ती आक्रसली नाही, पण तिनं मानही वळवली नाही. कॅमची रेघ सपाट झाली. इंजिन थांबलं. क्रँकची रेघही पडली. बरोबर होतं, इंजिन फिरत नाही, ठोके येणार कुठून. मी हात काढून घेतला.

"किल्ली काढ," मी म्हणालो. तिनं किल्ली काढून मांडीवर ठेवली. आता सेन्सरला वीजही नव्हती.

वरची रेघ हलली.

एक ठोका आला. त्याला चिकटून दुसरा, लहान. मग सपाट. मग पुन्हा दोन. चौकोनी नव्हते ते. गोल होते, वर जाऊन हळूच खाली येणारे. खालची क्रँकची रेघ मेलेलीच होती. मी यंत्राच्या पिना तपासल्या. जवळ कुठं चालू मोटर आहे का म्हणून कान दिला. पत्रा ठोकणारा थांबला होता. ठोके येतच होते, संथ, थोडे अडखळत.

अनुपमा वाकून पडद्याकडं बघत होती. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. लग्नानंतर ती माझ्या इतकी जवळ आपणहून कधी आली नव्हती, आणि आताही माझ्यासाठी आली नव्हती.

"थांबा," ती हळू म्हणाली. "हे राहू द्या थोडं."

तिचे डोळे भरले होते. रविवारी परत येताना चेहऱ्यावर असायचा तोच उजेड.

मी दार उघडलं आणि उतरलो.

रेघ सपाट झाली. तिनं यंत्र उचललं, हलवलं, पडद्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. अनोळखी माणसानं चुकीचा रस्ता सांगितला की बघतात तसं.

त्यानंतर काही दिवस घरात आम्ही कामापुरतंच बोललो. एका संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी विषय काढला.

"गाडी विकून टाकू. नवी घेऊ. तुझ्या पसंतीची."

ती मेथीची पानं खुडत राहिली. "विकता येईन," ती म्हणाली. "पण मंग तो कुठं बसन?"

आवाज नेहमीचाच होता. भाजीत मीठ घालू का विचारावं तसा. मी बाहेर जाऊन अंगणातल्या गाडीकडं बघत राहिलो. पुन्हा मी विकण्याचं नाव काढलं नाही.

संक्रांतीनंतर अन्नपूर्णाबाई न्हाणीत घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. खामगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि सुट्टी मिळाली तेव्हा त्यांना आमच्याकडंच आणायचं असं अनुपमानं ठरवलं. मी हो म्हणालो. म्हातारीचा मला राग नव्हता. त्यांना उचलून गाडीत ठेवायला माणूस लागणार होता, म्हणून मीही निघालो.

सकाळी दहाच्या सुमाराला ती गाडीत बसली. मी अंगणात उभा होतो. तिनं काच खाली केली.

"मागं बसा," ती म्हणाली. "आज उशीर नको व्हायले."

मी मागं बसलो.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. गावाबाहेर पडलो, फाटा गेला, जंगल लागलं. इंजिनाचा आवाज इतका स्वच्छ होता की कोणाला दाखवायला न्यावं. मला धंद्यातला माणूस म्हणून अभिमान वाटायला हवा होता. मी मधल्या जागेत, पाय आखडून, दोन सीटांच्या फटीतून रस्ता बघत होतो. लहानपणी मोठ्या माणसांच्या गाडीत असंच बसत असू.

बोथा गाव मागं पडल्यावर ती बोलायला लागली.

"आईले आणून राह्यलो आज," ती म्हणाली. "पायात सळई टाकली हाये. चालंन म्हणतात हळूहळू."

मी "हं" म्हणालो. तिनं आरशात बघितलं नाही. मग मला कळलं, ती मला सांगत नव्हती.

"शाळेत नवीन बाई आल्या. सहावी त्यांना दिली, सातवी माह्याकडंच हाये." थोडं थांबून ती हसली, कशाला तरी उत्तर दिल्यासारखी. "नाई, ते चांगले हायेत. मागं बसले हायेत न."

घाटाचं पहिलं वळण आलं. तिनं मान किंचित डावीकडं कलवली आणि गिअर पाडला.

मी पाय आणखी आखडून घेतले.

दुसऱ्या वळणावर रोह्यांचा, नीलगायींचा, कळप रस्ता ओलांडत होता. तिनं गाडी थांबवली. इंजिन चालू होतं. रोही सावकाश जात होते, एक मादी मधेच थांबून आमच्याकडं बघत होती.

तेव्हा ती टुंटुं सुरू झाली. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा लावला नाही म्हणून वाजते ती. त्या सीटच्या गादीत वजन कळणारी पट्टी असते. वजन नसेल तर ती वाजत नाही.

सीट रिकामी होती. मला गादी दिसत होती, तिच्यावर पडलेलं ऊन दिसत होतं.

"विसरलेच मी," अनुपमा पुटपुटली.

ती आडवी झुकली, डावीकडच्या दाराजवळून पट्टा ओढला आणि खाचेत बसवला. खट् झालं. टुंटुं थांबली.

रोही गेले. रस्ता मोकळा झाला. ती लगेच निघाली नाही.

पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढं, ताणून बसला होता, मधे थोडा फुगीर.

तिनं त्याचा पीळ सोडवला, तळहातानं तो वरून खालपर्यंत सारखा केला, आणि हात तिथंच, हवेत, टेकवून ठेवला. गिअर टाकायची वेळ आली तेव्हाच तिनं तो उचलला.